एकाच फोल्डची दोन विकरे स्कॉपमध्ये वेगळी आणि कॅथमध्ये एकत्र का?

प्रश्न

नमस्कार. मी जैवमाहितीशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. प्रकल्पासाठी मी प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा संच तयार करत आहे. त्यातील काही रचनांवर संगणकीय प्रारूपाला शिकवायचे आणि उरलेल्यांवर त्याची परीक्षा घ्यायची, अशी योजना आहे. हे काम करताना एक अडचण आली. ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज आणि अल्डोलेज ही दोन विकरे स्कॉप या प्रथिनरचनांच्या वर्गीकरणाच्या १.७५ या आवृत्तीत एकाच फोल्डखाली (घडीच्या एकाच आकाराखाली), परंतु सी.१.१ आणि सी.१.१० अशा दोन निराळ्या सुपरफॅमिलींत आहेत. कॅथ या दुसऱ्या वर्गीकरणात मात्र दोन्हींचा क्रमांक ३.२०.२०.७० हाच आहे. सुपरफॅमिली म्हणजे समान पूर्वजापासून आलेल्या डोमेनांचा (प्रथिनातील स्वतंत्रपणे घडी घेणाऱ्या भागांचा) गट, असेच दोन्हीकडे मानले जाते. मग यांपैकी एकाचे चुकले आहे का, आणि मी कोणाचे प्रमाण मानावे?

पहिले उत्तर

चुकले कोणाचेच नाही, असे माझे मत आहे. मात्र त्यासाठी प्रत्येक पातळीवर नेमका कशाचा दावा केला जातो ते पाहावे लागेल.

स्कॉपची मांडणी केंब्रिजमध्ये झाली आणि तिचा शोधनिबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील वर्ग, फोल्ड, सुपरफॅमिली आणि फॅमिली या पातळ्या प्रामुख्याने तज्ज्ञांनी रचना प्रत्यक्ष पाहून ठरवल्या, आणि त्यात अलेक्सी मुर्झिन यांच्या नजरेचा वाटा फार मोठा होता. ख्रिस्तीन ओरेंगो, जॅनेट थॉर्नटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये उभारलेल्या कॅथचा शोधनिबंध १९९७ चा आहे. तेथे रचनांची तुलना आधी संगणक करतो आणि शंकास्पद जागी माणूस निर्णय घेतो.

फोल्ड म्हणजे आकार: साखळीतील हेलिक्स (मळसूत्रासारखे भाग) आणि बीटा पट्टे (ताणलेले सरळ भाग) कोणत्या क्रमाने व कशा मांडणीत आले आहेत, एवढेच तो सांगतो. सुपरफॅमिली हे मात्र इतिहासाविषयीचे विधान आहे. आकार मोजता येतो, पण पूर्वज कोणी पाहिलेला नसतो. त्याचे अनुमान पुराव्यावरूनच करावे लागते. आपण निवडलेली दोन्ही विकरे टिम बॅरल या फोल्डची आहेत, म्हणजे आत आठ बीटा पट्ट्यांचे पिंप आणि त्याभोवती आठ हेलिक्सचे वेष्टन. स्कॉप १.७५ मध्ये या एकाच फोल्डखाली ३३ सुपरफॅमिली आहेत. यांतील बऱ्याच विकरांत सातव्या व आठव्या पट्ट्यानंतरच्या वळणांजवळ फॉस्फेट धरणारी जागा आढळते. काही अभ्यासक तिला समान पूर्वजाची खूण मानतात. उलट हा आकार इतका स्थिर आहे की निसर्गाने तो एकाहून अधिक वेळा गाठला असेल, असेही म्हणता येते. स्कॉपने येथे अधिक पुरावा मागितला, कॅथने कमी पुराव्यावर दोघांना एकत्र आणले.

दुसरे उत्तर

वरील विवेचनाला एक जोड देतो. अनुक्रम न जुळता नाते सिद्ध होण्याचे उत्तम उदाहरण आपल्या शेतातच आहे. हरभरा किंवा भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी कापल्यास आतून गुलाबी दिसतात, कारण त्यांत लेगहिमोग्लोबिन हे ऑक्सिजन धरणारे प्रथिन असते. त्याचे आणि स्पर्म व्हेलच्या मायोग्लोबिनचे अमिनो आम्लांचे अनुक्रम २० टक्क्यांहूनही कमी जुळतात, तरी हेलिक्सची मांडणी, मधला हीम (लोहयुक्त रेणू) आणि त्याला धरणारे हिस्टिडिन हे अमिनो आम्ल, हे सर्व मूलतः तेच. स्कॉप आणि कॅथ दोन्ही त्यांना निःशंकपणे ग्लोबिनांच्या एकाच सुपरफॅमिलीत ठेवतात, कारण येथे आकार, लिगंड (प्रथिनाने धरलेला रेणू, म्हणजे हीम) आणि कार्य तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात.

शिवाय वर्गीकरण अख्ख्या प्रथिनाचे नव्हे, डोमेनचे होते. पायरुव्हेट कायनेजमध्ये टिम बॅरलच्या साखळीत मध्येच सुमारे १०० अमिनो आम्लांचे दुसरे डोमेन शिरलेले आहे आणि त्यानंतर बॅरल पुन्हा सुरू होते. म्हणजे बॅरलचे एकच डोमेन अनुक्रमात दोन तुकड्यांत सापडते. साखळी सरळ कापणारी आज्ञावली आपण वापरत असाल, तर हे डोमेन अर्धवट राहील. कृपया ते तपासून घ्यावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. पायरुव्हेट कायनेज माझ्या संचात खरोखरच अर्धवट कापले गेले होते. आता एकच शंका उरते: ४० टक्क्यांहून अधिक साम्य असलेले अनुक्रम वगळलेला तयार उपसंच घेऊन त्याची यादृच्छिक विभागणी केली, तर पुरेसे होईल का?

तिसरे उत्तर

पुरेसे होणार नाही, आणि या बाबतीत मी आग्रही आहे. आधीच्या उत्तरातील मायोग्लोबिन आणि लेगहिमोग्लोबिन ती चाळणी सहज पार करतील. त्यांतील एक शिकवण्याच्या बाजूला आणि दुसरे परीक्षेच्या बाजूला गेले, तर प्रारूपाने ग्लोबिन आधीच पाहिलेले असेल, आणि मिळालेले गुण खरे असणार नाहीत. विभागणी किमान सुपरफॅमिलीच्या पातळीवर करावी. स्कॉप आणि कॅथ यांपैकी कोणत्याही एकाने दोन डोमेनांना एकत्र ठेवले असल्यास ती दोन्ही एकाच बाजूला जातील, असा नियम ठेवावा. मग आपल्या दोन विकरांचा वादही आपोआप निकाली निघतो. दावा आणखी भक्कम हवा असेल तर संपूर्ण टिम बॅरल फोल्ड एकाच बाजूला ठेवावा. त्यात बरीच माहिती एका बाजूला अडकते, पण ती किंमत मोजण्याजोगी आहे.

२०१४ मध्ये मांडलेले एकोड हे वर्गीकरणही पाहावे. त्यात ‘समान पूर्वज संभवतो’ यासाठी स्वतंत्र पातळी आहे, आणि आपल्यासारख्या प्रश्नांत तीच सर्वांत प्रामाणिक वाटते. त्याच वर्षी आलेल्या स्कॉप २ नेही एकाच झाडाची रचना सोडून जाळ्याची रचना स्वीकारली. आरएफएएच या जिवाणूतील प्रथिनाचे शेवटचे डोमेन एका स्थितीत हेलिक्सचे असते आणि दुसऱ्या स्थितीत बीटा बॅरल होते. अशा डोमेनला झाडाच्या एकाच फांदीवर बसवणे शक्य नाही. आपल्या संचात असे डोमेन आढळल्यास ते दोन्ही संचांतून वगळावे आणि तसे प्रबंधात लिहावे. त्याबरोबर आवृत्तीचा क्रमांकही नोंदवावा. स्कॉप १.७५ ही २००९ ची आवृत्ती आहे आणि बर्कलीहून पुढे चालवलेल्या स्कॉप-ई मध्ये त्यानंतरच्या अनेक रचनांची भर पडली आहे.