सगळ्याच सिरस ढगांत खळं का दिसत नाही?

सिरस म्हणजे खूप उंचावरचे, बर्फाच्या स्फटिकांचे विरळ ढग. त्यांतले स्फटिक षट्कोनी असतात, मग सूर्याभोवती दर वेळी खळं, म्हणजे प्रकाशाचं कडं, दिसायला हवं, असं कुणालाही वाटेल. त्यात स्फटिकाच्या बाजू गुळगुळीत असतात हे गृहीत धरलंय, आणि खरी गोम तिथेच आहे.

आधी खळं कसं पडतं ते बघू. किरण षट्कोनी स्तंभाच्या एका बाजूने आत शिरतो आणि मधली एक बाजू सोडून पुढचीतून बाहेर पडतो. या दोन बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन, म्हणजे तो लोलकच झाला. बर्फाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो हे ठरवणारा आकडा) साधारण १.३१, त्यामुळे किरण किमान २२ अंशांनी वळतो. स्फटिक कसाही फिरलेला असो, याहून कमी वळणं शक्य नाही, आणि नेमकी या किमान कोनाजवळच किरणांची गर्दी होते. म्हणून खळ्याची आतली कड रेखीव आणि तांबूस असते, बाहेरची मात्र विरत जाते. चपट्या चकत्या आडव्या तरंगत असतील तर सूर्याच्या दोन्ही अंगांना खोटे सूर्य, म्हणजे तेजस्वी ठिपके, दिसतात.

पण बरेच स्फटिक खडबडीत, पोकळ टोकांचे किंवा अनेक स्तंभांचे गुच्छ असतात. त्यांतून निघणारे किरण थोडे थोडे भरकटतात, २२ अंशांवरची गर्दी पुसली जाते आणि उरतो नुसता पांढुरका उजेड. माझ्या मते खळ्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: खडबडीत स्फटिक गुळगुळीत स्फटिकांपेक्षा जास्त प्रकाश मागे फेकतात. त्यामुळे हवामानाच्या गणितात स्फटिकांचा आकार चुकीचा धरला, तर ढग किती ऊन अवकाशात परतवतो हा आकडाही चुकतो.