'अनिर्दिष्ट' म्हणजे न सापडलेलं की न शोधलेलं?

धंतोलीकर: एएमएलच्या (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा एक कर्करोग) रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतोय. रिपोर्टवर आजाराच्या प्रकारापुढे लिहिलेल्या 'एनओएस'पाशी (नॉट अदरवाइज स्पेसिफाइड) अडलो. मी 'अन्यथा अनिर्दिष्ट' लिहिलं. लॅबमधली मैत्रीण चिडली. म्हणे, एनओएस लिहायचं ते सगळ्या तपासण्या करून ठरावीक जनुकबदल सापडला नाही तर. इथे पैशाअभावी क्रोमोसोमची तपासणीच झालेली नसते, तरी तेच लिहितात. दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

वऱ्हाडी ठेचा: 'अवर्गीकृत' घ्या ना.

धंतोलीकर: गोंदियाहून आलेल्या माणसाला वाटेल, यादीतून नावच गळलं.

शुद्धमती: आधी 'अक्यूट'चं 'तीव्र' काढा! अक्यूट म्हणजे झपाट्यानं वाढणारा. आयुर्वेदात 'आशुकारी' हा नेमका शब्द आहे.

वऱ्हाडी ठेचा: आशुकारी? काऊन बाप्पा, पेशंट घाबरून पळंल ना! पण मुद्दा खरा आहे. आमच्या काकांना 'तीव्र' सांगितलं तर त्यांनी विचारलं, "मंग सौम्य कधी होईल?"

जुनी स्लाइड: मी निवृत्त टेक्निशियन. १९७६ च्या एफएबी (फ्रेंच-अमेरिकन-ब्रिटिश) पद्धतीत काच, रंग आणि मायक्रोस्कोप एवढ्यावर एम-वन ते एम-सिक्स गट पाडायचे. एम-झीरो, एम-सेव्हन मागाहून आले. पेशीत ऑअर रॉड्सच्या लालसर काड्या मोळीसारख्या दिसल्या की एम-थ्रीचा संशय, आणि आम्ही धावत डॉक्टरांकडे. त्यात रक्तस्राव रात्रीतून माणूस नेतो, म्हणून जनुकाच्या रिपोर्टची वाट न बघता अ‍ॅट्रा या औषधाच्या कॅप्सूल सुरू करतात. आम्ही बोलताना सरळ म्हणायचो, "टाइप लागला नाही" किंवा "टाइप काढलाच नाही". फरक आपोआप कळतो.

शुद्धमती: 'टाइप' मराठी आहे का?

जुनी स्लाइड: 'रिपोर्ट' आहे का?

संत्राबर्फी: मायलॉइडचं (अस्थिमज्जेशी संबंधित) काय केलंत? 'मज्जा' लिहू नका. "मज्जेची तपासणी" ऐकून आमची आत्या दवाखान्यातच हसली होती. शेवटी "हाडातलं पाणी काढणार" म्हटलं, तेव्हा तयार झाली.

शुद्धमती: पाणी नव्हे, मगज! आणि मौजेची 'मज्जा' फारसी 'मज़ा'वरून, हाडातली संस्कृत. दोघींचं नातं नाही.

वऱ्हाडी ठेचा: सावजीच्या नळीतली खाऊन पाहा, नातं लागते का नाही ते.

धंतोलीकर: पत्रक सोमवारी छापायला जातंय हो. 'लागला नाही' घेऊ?

शुद्धमती: नळीला 'नलिका' म्हणू नये, एवढंच म्हणते.