रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर नवशिक्याला झेपतील अशा कच्च्या वाटा

प्रश्न: थार ४x४ आहे, टायर कंपनीचेच. डिसेंबरात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळावर चालवायचीय. वाट कशी निवडावी, हवा किती ठेवावी? पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूत) घातली तर चालेल का?

उत्तर १: चिऱ्यांचे (जांभ्याच्या बांधकामाच्या दगडांचे) ट्रक जातात त्याच चाकोरीने जा, गावात विचारून. चढ कमी, जमीन कडक. ४एच (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) पुरतं, वहाळ म्हणजे ओढा उतरताना ४एल (चारही चाकांना जोर, संथ गती). खरा धोका बंद चिरेखाणींचा. कडा उभ्या, कुंपण नाही आणि डिसेंबरात वाळलं गवत गुडघाभर. चाकोरी संपली की थांबा, उतरून पुढचा भाग चालून बघा. हवा फार कमी करू नका. ३२ पीएसआय असेल तर २७-२८ बस्स. त्याखाली टायर बाजूंनी फुगतो, जांभ्याची धारदार कड बाजूला लागते आणि तिथे फाटलेल्या टायरला पंक्चर काढून उपयोग नसतो. स्टेपनी धड हवी.

उत्तर २: पुळणीवर अजिबात नको. ओली वाळू वरून टणक दिसते, पण चाक जागच्या जागी फिरलं की अ‍ॅक्सलपर्यंत रुततं. ओहोटीनंतर सहा तासांत भरती. शिवाय नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात.

उत्तर ३: बारसू, काशेळी, देवाचे गोठणे इथे कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत. रेषा उथळ असतात, तिरप्या उन्हातच नीट दिसतात. गाडी डांबरी रस्त्यालाच लावा आणि चालत जा. मोकळा दिसतो म्हणून कातळावर चाक घालू नका, कळकळीची विनंती.