कराडची धावपट्टी महायुद्धातली? कशावरून?

कृष्णाकाठ: परवा इथं पोस्ट फिरली: ‘दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कराडच्या विमानतळावर वैमानिक घडवले, आज ती ऐतिहासिक धावपट्टी दुर्लक्षित.’ गप्प बसणार होतो, पण राहवेना. ती पट्टी बांधकाम खात्यानं 1955 साली कोयना प्रकल्पासाठी केली. तोवर युद्ध संपून दहा वर्षं झाली होती. युद्धकाळात वैमानिकांचे पहिले धडे बेगमपेट, जोधपूरला टायगर मॉथ या शिकाऊ विमानांवर व्हायचे, पुढचं शिक्षण अंबाल्याला. जुनी पट्टी दिसली की तिला महायुद्ध चिकटवायचं, ही खोड सोडा.

मसूरचा पाव्हणा: एवढं तावातावानं कशाला? लढाईच्या दिवसांत इथनं विमानं जायची, असं माझे आजोबा सांगायचे. म्हातारी माणसं खोटं बोलतात का?

कृष्णाकाठ: विमान डोक्यावरून गेलं म्हणून खाली तळ होत नाही. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा तळ 1939 चा, संस्थानी. तो का विसरता?

कुंडलवाला: युद्धाचंच सांगायचं तर प्रतिसरकार सांगा की! 7 जून 1943 ला त्याच्याच तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली. कराडच्या उंबऱ्यावर! त्या मुलखात इंग्रज नवशिकी पोरं उडवायला आणणार होते होय?

फौजी अपशिंगे: म्हणजे फौजेत गेलेले कुणीच नव्हेत? पहिल्या महायुद्धात आमच्या एका गावचे 46 जण पडले. दुसऱ्यात माझा आजा इटलीत होता. त्याचं पेन्शनीचं पुस्तक अजून पत्र्याच्या पेटीत आहे, कडा वाळवीनं खाल्ल्यात. त्याला इंग्रजांचा चाकर म्हणाल तर याद राखा.

कुंडलवाला: तसं मी म्हटलंय कुठं? शब्द तोंडात घालू नका.

बामणोली खोरं: भांडा तुम्ही युद्धावरून. 1955 कबूल आहे ना? मग ती पट्टी कुणासाठी होती तेही बोला. धरणाचे साहेब विमानानं उतरणार, आणि आमची माणसं जातं-पाटा बैलगाडीत घालून सोलापूरकडं निघाली. चुलत्यांना मिळालेल्या पर्यायी जमिनीच्या सातबाऱ्यावर अजून त्यांचं नाव नाही. हेलपाटे घालता घालता चुलते गेले, आता पोरं घालतायत.

वारुंजीकर: आमचंही ऐका. विस्तारीकरणाचं नाव निघालं की पोटात गोळा येतो. पाण्याखालची बागायत आहे, माळ नव्हे.

मसूरचा पाव्हणा: विषय धावपट्टीच्या इतिहासाचा आहे. जमिनीचं गाऱ्हाणं दुसरीकडं मांडा.

बामणोली खोरं: हाच इतिहास आहे! तुम्हाला गोरा पायलट हवा, धरणग्रस्त नको.

मसूरचा पाव्हणा: बरं, 1955 तर 1955. पण आजोबांनी विमानं पाहिली होती, ते मी सोडणार नाही.

कृष्णाकाठ: सोडू नका, लिहा. फक्त त्या पोस्टमधलं ‘महायुद्ध’ खोडा आणि तिथं ‘कोयना’ घाला.

बामणोली खोरं: आणि खाली बुडालेल्या गावांची नावं. सगळी.