मदत हवी आहे: एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन लेखक थोरो याच्या निसर्गनोंदी आजच्या नोंदींशी कशा जुळवायच्या?

अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्यावरचा बर्फ पूर्ण वितळल्याच्या थोरोने दिलेल्या तारखा: 1845 – 1 एप्रिल, 1846 – 25 मार्च, 1847 – 8 एप्रिल, 1851 – 28 मार्च, 1852 – 18 एप्रिल, 1853 – 23 मार्च, 1854 – साधारण 7 एप्रिल. वर्षातला कितवा दिवस, असं मोजलं (1852 लीप वर्ष, म्हणून 18 एप्रिल हा 109वा) तर सरासरी 92.6 येते. मधली तीन वर्षं रिकामीच ठेवावीत, अंदाजाने भरू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

खरी अडचण फुलांची. कॉन्कॉर्डमधल्या शेकडो जातींचं पहिलं फूल त्याने 1852 ते 1858 या काळात टिपलं. प्रायमॅक आणि मिलर-रशिंग या जीवशास्त्रज्ञांचा हवामानबदलाचा अभ्यास त्यावर उभा आहे. पण ‘पहिलं फूल’ हे माप फसवं. जास्त झाडं पाहिली की तारीख आपोआप आधीची येते. आठवड्यातून एकदाच फेरी मारली तर सहा दिवसांपर्यंत उशीर नोंदला जातो.

रोजच्या आणि साप्ताहिक फेऱ्यांच्या नोंदी एकाच तक्त्यात घेताना ही तफावत कशी दुरुस्त करता? की ठरावीक झाडांपैकी निम्मी फुलल्याची तारीख घ्यावी? मग थोरोशी तुलना कशी करायची?