मदत हवी आहे: पेलेट करताना फायटेज मरतंय का?

ब्रॉयलरसाठी मका-सोयापेंडीचं खाद्य घरच्या छोट्या मिलवर बनवतो. डीसीपी (फॉस्फरससाठी घालतात ते डायकॅल्शियम फॉस्फेट) महाग पडतं म्हणून ग्रॅमला 5000 एफटीयूची (एफटीयू म्हणजे फायटेजची ताकद मोजायचं एकक) साधी फायटेज पावडर, म्हणजे धान्यात अडकलेला फॉस्फरस मोकळा करणारं एन्झाइम, टनाला 100 ग्रॅम, म्हणजे किलोला 500 एफटीयू घालून डीसीपी टनामागे साडेपाच किलोने कमी केलं. मॅश (भरडलेलं सुटं खाद्य) देत होतो तोवर सगळं सुरळीत होतं. पेलेट (वाफेवर तापवून दाबलेल्या कांड्या) सुरू केले आणि तिसऱ्या आठवड्यात पिल्लं बसायला लागली. पायाचं हाड मोडत नाही, रबरासारखं वाकतं. डीसीपी पूर्ववत केलं, पुढची बॅच चांगली निघाली.

कंडिशनरला (दाबण्याआधी खाद्य वाफेने तापवतो तो भाग) 85 अंश, साधारण 30 सेकंद. 75 वर आणून पाहिलं, तर पेलेटचा नुसता भुगा! चुना वाढवलेला नाही (जास्त कॅल्शियमने फायटेज नीट काम करत नाही, ते माहीत आहे), डी3 जीवनसत्त्वाचा प्रीमिक्सही तोच. पेलेटनंतर द्रव फायटेज फवारायचं यंत्र परवडणारं नाही.

कोटिंगवालं फायटेज, की मुळातच उष्णता सोसेल असं घडवलेलं? 85 अंशाला प्रत्यक्ष वापरलेल्यांचा अनुभव हवाय. आणि मॅश-पेलेटचे नमुने एफटीयू तपासायला पाठवायचे, तर पेलेट कूलरच्या आधी उचलायचे की नंतर?