बोगनवेलीच्या एका फांदीवर आलेला नवा रंग : पेटंट मिळते का, आणि काही कुंड्या विकल्या असतील तर काय करावे?

कोरेगावचा नर्सरीवाला (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. सातारा–कोरेगाव रस्त्यालगत माझी दीड एकराची रोपवाटिका आहे. तिच्या कुंपणावर वडिलांनी लावलेली 'मिसेस बट' जातीची जुनी बोगनवेल आहे. गेल्या वर्षीच्या जानेवारीत, डाळिंबी रंगाने भरलेल्या त्या वेलीवर, विहिरीकडच्या अंगाला एकच फांदी जर्दाळूसारख्या फिकट केशरी रंगाने फुललेली दिसली. तिच्या पानांच्या कडेला साईच्या रंगाचा बारीक पट्टाही होता. पावसाळ्यात त्या फांदीवर चार गुट्या (फांदी झाडावर असतानाच मुळ्या फुटाव्यात म्हणून बांधायची कलमे) बांधल्या, त्यांपैकी तीन साधल्या, आणि तेवढ्यावर न थांबता फांदीच्या उरलेल्या काडीपासून चाळीस छाट कलमे पिशव्यांत लावली. त्यांतील एकतीस जगली. सव्वीस रोपांनी नवा रंग धरला आहे, पाच मात्र पुन्हा डाळिंबीवर गेली आहेत.

गेल्या दिवाळीच्या आधी साताऱ्यातील फुलझाडांच्या एका प्रदर्शनात मी नव्या रंगाच्या नऊ कुंड्या प्रत्येकी दीडशे रुपयांना विकल्या. आता बाहेरगावचे एक व्यापारी पाचशे रोपांची आगाऊ मागणी घेऊन आले आहेत आणि मातृवेलीच्या काड्याही मागत आहेत. अमेरिकेत फॉर्सिथियासारख्या साध्या कुंपणाच्या झुडपांच्या नव्या वाणांनासुद्धा पेटंट मिळते, असे मध्यंतरी वाचनात आले. आपल्याकडे असे पेटंट मिळते का? मिळत असल्यास मी नेमके काय करावे, आणि त्या नऊ कुंड्यांमुळे काही अडचण येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उद्यानविद्या, मिरज

आपण प्रश्न तारखांसह आणि आकड्यांसह मांडला, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. या विषयात मी नोकरीची बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम पेटंटविषयी. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३ (जे) नुसार वनस्पती, त्यांचे कोणतेही भाग, बियाणे आणि वाण यांना पेटंट देता येत नाही. त्यामुळे 'पेटंट' हा शब्द आपण येथेच बाजूला ठेवावा. अमेरिकेत १९३० साली स्वतंत्र कायदा झाला आणि त्यानुसार कलमांनी वाढवल्या जाणाऱ्या झाडांना पेटंट मिळू लागले. तेथील पहिले वनस्पती पेटंट १८ ऑगस्ट १९३१ रोजी 'न्यू डॉन' या वेली गुलाबाला मिळाले. हा गुलाब कोणी संकर करून घडवलेला नव्हता. 'डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट' या गुलाबाच्या झाडावर आपोआप आलेला तो बदल होता, आणि मूळ गुलाब वर्षातून एकदाच बहरत असताना हा पुन्हा पुन्हा फुलत राही, एवढेच त्याचे वैशिष्ट्य होते. आपल्या विहिरीकडच्या फांदीची जातकुळी हीच आहे.

आपल्याकडे यासाठी वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ आहे. त्याचे प्राधिकरण नवी दिल्लीत असून पुण्यात शाखा कार्यालय आहे. या कायद्यात 'पैदासकार' या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. वाण तयार करणाऱ्याबरोबरच वाण विकसित करणारा शेतकरीही त्यात बसतो. म्हणजे केवळ निसर्गाने दिलेली फांदी आपण पाहिली म्हणून नव्हे, तर ती वेगळी काढली, वाढवली आणि टिकवली म्हणून आपला दावा उभा राहतो. नवीन वाणाला चार कसोट्या लागतात : नावीन्य, वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता. नोंदणी झाल्यास वृक्ष व वेलवर्गीय पिकांना एकूण अठरा वर्षांपर्यंत आणि इतर पिकांना पंधरा वर्षांपर्यंत संरक्षण मिळते.

आता आपल्या नऊ कुंड्यांकडे येतो. कायद्यातील 'नावीन्य' म्हणजे रंगाचा नवेपणा नव्हे. अर्ज करण्याच्या दिवसापूर्वी एक वर्षाहून अधिक काळ आधी त्या वाणाची भारतात विक्री झालेली नसावी, एवढाच त्याचा अर्थ आहे. केवळ चाचणीसाठी लावलेल्या आणि न विकलेल्या रोपांनी हक्काला बाध येत नाही, परंतु आपण पैसे घेतलेले आहेत. म्हणजे आपले घड्याळ प्रदर्शनाच्या दिवसापासून सुरू झालेले आहे. येथे एक सावधगिरी सांगतो. यंदा अधिक महिना आल्यामुळे दिवाळी उशिरा येते आहे, म्हणून 'दिवाळीपर्यंत वेळ आहे' असा हिशेब अजिबात करू नये. पावतीवरची इंग्रजी तारीख पाहावी आणि तिच्या किमान महिनाभर आधी अर्ज पोहोचेल असे बघावे.

अर्जात मूळ वाणाचे नाव, नव्या वाणाची वैशिष्ट्ये, त्याच्या उगमाची हकिकत आणि सुचवलेले नाव द्यावे लागते. शेतकऱ्याला कलम ४४ प्रमाणे प्राधिकरणापुढील कामकाजाचे शुल्क माफ आहे, परंतु रोपवाटिकेचा व्यावसायिक म्हणून अर्ज केल्यास शुल्क लागेल. तेव्हा आपण कोणत्या नात्याने अर्ज करत आहात, हे पुण्याच्या कार्यालयात आधी बोलून घ्यावे. 'मिसेस बट' हे फार जुने वाण असून त्यावर आपल्याकडे कोणाचा हक्क नाही, त्यामुळे मूळ वाणाच्या मालकाची संमती घेण्याचा प्रश्न आपल्यापुढे येत नाही. एखाद्या नोंदणीकृत वाणावर अशी फांदी आली असती, तर ती 'मूलतः व्युत्पन्न वाण' ठरली असती आणि मूळ पैदासकाराच्या परवानगीवाचून आपल्याला पुढे जाता आले नसते.

तासगावचा बागायतदार

वरील माहिती बरोबर आहे, पण एक दुसरी बाजू मांडावीशी वाटते. आमच्या तालुक्यातील बोरगावच्या बागेत थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेली 'तास-ए-गणेश' ही द्राक्षाची जात पुढे महाराष्ट्रभर पसरली. ती पसरण्यासाठी ना जाहिरात लागली ना परवाना. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी बांधावर पडलेल्या काड्या पाहुण्यारावळ्यांनी नेल्या, पुढे त्यांच्या पाहुण्यांनी नेल्या. काडीने वाढणाऱ्या पिकात कुलूप लावायचे तरी कोठे, असा माझा साधा प्रश्न आहे. कायदा शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातील उत्पादन, बियाण्यासह, जपण्याची, देवाणघेवाणीची आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याची मोकळीक देतो, आणि ती योग्यच आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या बागेत एका वेलीवर लांबट मण्यांचे घड आले होते. एका काडी-विक्रेत्याने "फक्त पाहतो" म्हणून दोन जुडगे नेले आणि तिसऱ्या वर्षी तेच वाण मला दुसऱ्या नावाने विकायला तो माझ्याच दारात आला. माझ्याकडे ना फोटो होता, ना तारीख. तेव्हा अर्ज करा किंवा न करा, त्या व्यापाऱ्याला मातृवेलीची काडी मात्र देऊ नका. आणि सरळच सांगायचे तर, प्रदर्शनातील पावत्या कोण तपासायला येणार आहे? त्यांचा उल्लेख न केलेलाच बरा.

उद्यानविद्या, मिरज

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. चुकीच्या माहितीवर मिळालेली नोंदणी याच कायद्याच्या कलम ३४ खाली रद्द होऊ शकते, आणि नऊ घरांच्या अंगणात ती झाडे उभी आहेत. शिवाय विक्री एक वर्षाच्या आत असेल तर लपवण्यासारखे त्यात काही नाहीच. ती पावती उलट आपला उगमाचा पुरावा आहे.

काडीला कुलूप लागत नाही, हे मात्र खरे. म्हणूनच या हक्काचा उपयोग शेजाऱ्याच्या कुंपणावर नजर ठेवण्यासाठी नसून, हजारोंच्या संख्येने रोपे करून विकणाऱ्याशी परवान्याची बोलणी करण्यासाठी आहे. आपले व्यापारी त्याच गटात मोडतात.

वाईकर

मला कायद्यापेक्षा त्या पाच परत फिरलेल्या रोपांची काळजी वाटते. एकतीसपैकी पाच म्हणजे सहात एक. एकसारखेपणाच्या आणि स्थिरतेच्या चाचणीत अशी रोपे उभी राहिली, तर तारीख कितीही काटेकोर पाळली तरी अर्ज तेथेच अडकेल.

बोगनवेलीत फांदीवर अचानक बदल येणे नवीन नाही. 'मेरी पामर' ही 'मिसेस एच. सी. बक' या वाणावर कोलकात्यात आलेली फांदी, आणि तिच्यावर पांढरी व गुलाबी अशी दोन्ही रंगांची सहपत्रे एकत्र येतात. आपण ज्याला फूल म्हणतो ती खरे तर ही रंगीत सहपत्रेच. फूल म्हणजे मधली ती बारीक पांढरट नळी. आपण सगळे 'मेरी पामर' विकतो आणि तिच्या एखाद्या फांदीवर फक्त गुलाबी किंवा फक्त पांढरा रंग आल्याची तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत येते, हा अनुभव येथे बहुतेकांना असेल. याचे कारण असे, की शेंड्याच्या डोळ्यात पेशींचे थर एकावर एक असतात आणि बदल अनेकदा एकाच थरात झालेला असतो. पानाच्या बेचक्यातील डोळा हे थर बहुधा जसेच्या तसे पुढे नेतो. मुळातून किंवा कापाच्या जागी गाठीतून नव्याने फुटणारा कोंब मात्र एखाद्याच थरातून आलेला असू शकतो, आणि मग जुना रंग उसळून वर येतो. पानांच्या कडेला पट्टा आहे, यावरून आपल्याकडेही थरांचाच खेळ असावा असा माझा अंदाज आहे.

म्हणून माझी पद्धत सांगतो. काडी घेताना पट्टा पानाच्या दोन्ही बाजूंना सलग आणि सारखा असलेल्या भागातूनच घ्यावी. ज्या पानाचा पट्टा एका अंगाला तुटला आहे, त्याच्या बेचक्यातील डोळा सोडून द्यावा. परत फिरलेला कोंब दिसताच बुडाशी कापावा, कारण तो हिरवा आणि जोमदार असल्याने फिकट फांदीला लवकरच मागे टाकतो. पहिल्या पिढीतील उत्तम रोपांवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी पिढी करावी, आणि प्रत्येक पिढीत किती रोपे फिरली याची वही ठेवावी. मातृवेलीवरची ती फांदी सगळी छाटून टाकू नये. मुळाशी फुटणारे धुमारे तर कलमासाठी अजिबात वापरू नयेत.

फॉर्सिथियाचा उल्लेख आपण केला म्हणून एवढेच जोडतो, की त्या झुडपाचा इतिहास आपल्याला बराच जवळचा आहे. आज बागांतून सर्वत्र दिसणारा संकर 'फॉर्सिथिया इंटरमीडिया' १८७८ साली जर्मनीतील गटिंगन येथील वनस्पतिउद्यानात आढळला. पुढे प्रसिद्ध झालेले 'लिनवुड' हे वाण १९३५ च्या सुमारास उत्तर आयर्लंडमधील एका बागेत, जुन्या झाडाच्या एका फांदीवर नजरेस आले. ते संकरातून आलेले नव्हते. मुद्दाम संकर करायचा तर त्या झुडपात एक अडसर असतो. काही झाडांच्या फुलांत कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) लांब असतो, काहींच्या आखूड, आणि एकाच प्रकारच्या दोन झाडांत बी नीट धरत नाही. म्हणून पैदासकाराला दोन्ही प्रकार जवळ ठेवावे लागतात. अमेरिकेतील अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात कोल्चिसिन हे रसायन वापरून गुणसूत्रे दुप्पट केलेले 'अर्नोल्ड जायंट' तयार झाले. फुले मोठी आली, पण छाट कलमांना मुळ्या धरणे अवघड गेले. नर्सरीवाल्याच्या दृष्टीने हा दोष रंगापेक्षा मोठा आहे. आपल्या चाळीसपैकी एकतीस कलमे जगली, ही गोष्ट अर्जात आवर्जून लिहावी.

आणखी एक. परदेशात वाणाचे नाव आणि बाजारातील नाव निरनिराळे ठेवतात. 'मिंडोर' हे वाण 'शो ऑफ' या नावाने विकले जाते. वाणाचे नाव संरक्षण संपल्यावर सर्वांचे होते, व्यापारी नाव आपल्याकडे राहते. आपणही नाव ठरवताना घाई करू नये. बोगनवेलीच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे, तेथे तेच नाव आधी कोणी घेतले आहे का ते पाहावे. मात्र ती केवळ नावाची नोंद आहे. तिच्यातून विक्रीचा हक्क मिळत नाही, ही गल्लत पुष्कळांकडून होते.

(फॉर्सिथिया महाबळेश्वरला लावता येईल का, असे मला पूर्वी एकाने विचारले होते. त्याच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यात धरतात आणि फुलण्याआधी त्यांना कित्येक आठवडे सलग कडाक्याची थंडी लागते. महाबळेश्वरची थंडी तेवढी टिकत नाही.)

कोरेगावचा नर्सरीवाला

सर्वांचा आभारी आहे. उत्तरे वाचल्यावर पावतीपुस्तक काढले. विक्री सौभाग्यवतींच्या अक्षरात १४ ऑक्टोबर अशी नोंदलेली आहे, म्हणजे दिवाळीचा हिशेब धरला असता तर मी खरोखरच तीन आठवड्यांनी चुकलो असतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज पोहोचवण्याचे ठरवले आहे आणि त्यासाठी येत्या सोमवारी पुण्याला जात आहे. व्यापाऱ्यांना काडी देणार नाही, असे फोनवर कळवले. ते नाराज झाले, पण बोलणी तुटलेली नाहीत.

आज सकाळी नव्या रंगाची, विकून उरलेली रोपे एकेक करून तपासली. वरून सारखी दिसत असली तरी चार रोपांत पट्टा एका अंगाला तुटलेला आहे, आणि त्यांपैकी एकाच्या बुडाशी पूर्ण हिरवा कोंब आलेला होता. ती चार वेगळ्या ओळीत ठेवली. बाकीच्यांतून दुसऱ्या पिढीची कलमे, चांगला पाऊस पडून हवा दमट झाली की लावेन. परत फिरलेल्या पाच रोपांचे काय करावे, हा प्रश्न मात्र राहिला. फेकून द्यावीत, की चाचणीच्या वेळी तुलनेसाठी जपावीत?

उद्यानविद्या, मिरज

जपावीत, पण नव्या रोपांपासून दूर आणि चिठ्ठी बांधून. मूळ 'मिसेस बट'ची दोन रोपेही त्यांच्या शेजारी ठेवा. वेगळेपणा तपासणारे प्रथम तुलनेचे झाड मागतात.